आवाजही ग्राहकाची अमानतच : घरगुती रेकॉर्डिंगच्या फाइली कशा जपाव्यात?

छोट्या गावात रेकॉर्डिंगचा धंदा आता नवा राहिलेला नाही. पूर्वी एखादी नात किंवा कव्वाली नीट रेकॉर्ड करायची म्हणजे नांदेडचा किंवा हैदराबादचा स्टुडिओ गाठावा लागे, तासाचे भाडे मोजावे लागे आणि शेवटी हाती एक कॅसेट पडे. आज अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावीही एखादा होतकरू मुलगा घरातल्या खोलीला जाड पडदे लावतो, एक माईक आणि एक कॉम्प्युटर मांडतो आणि तेच काम करून देतो. रबीउल अव्वल आला की नातींची कामे येतात. रमजान ईद आणि लग्नसराई जवळ आली की रिक्षाच्या भोंग्यावरून फिरणाऱ्या जाहिरातींची कामे येतात. मदरशाचे धडे, जलशातील बयान, जुन्या कॅसेटवरची तिलावत कॉम्प्युटरमध्ये उतरवून देणे अशी कामेही वर्षभर असतात. भांडवल थोडे आणि मेहनत जास्त, असा हा हलाल रोजीचा धंदा आहे. वाद्यसंगीताबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत, तो या पानाचा विषय नाही. आज आपल्याला पाहायची आहे ती बाब तिलावतीपासून जाहिरातीपर्यंत सर्वांना सारखीच लागू आहे.

मी कापडाचा व्यापारी. दुकानाच्या जाहिरातीच्या निमित्ताने अशा खोल्यांमध्ये माझे जाणे-येणे असते. माईक कोणता चांगला यावर ही मुले तासन्‌तास बोलतात. पण रेकॉर्ड केलेला आवाज कॉम्प्युटरमध्ये नेमका कोठे ठेवला आहे, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. कापड दुकानात ताग्याची जागा विचारली आणि नोकराने "असेल कोठेतरी" असे उत्तर दिले, तर मालकाला ते चालेल काय? येथे तर तागा दुकानाचा नसून गिऱ्हाइकाचा असतो. त्याने विश्वासाने आपला आवाज आपल्या हवाली केलेला असतो. तो गेला तर बाजारातून दुसरा आणून भरून देता येत नाही.

म्हणून या लेखात फाइलींची हिफाजत कशी करावी, याच्या साध्या आणि अनुभवाने पटणाऱ्या गोष्टी क्रमाने मांडल्या आहेत.

प्रोजेक्ट म्हणजे आवाज नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम "सेव्ह" केले की एक प्रोजेक्ट फाइल तयार होते. मुलांना वाटते, याच फाइलीत आपला आवाज आहे. रीपर, क्यूबेस यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तसे नसते. आवाजाच्या फाइली वेगळ्या असतात. प्रोजेक्ट फाइलीत फक्त नोंदी असतात : अमुक आवाज अमुक फोल्डरमधून घ्यायचा, तो इतक्या सेकंदाला सुरू करायचा, येथे कापायचा, येथे हळू करायचा, त्यावर इतकी गुंज द्यायची.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर प्रोजेक्ट फाइल ही खतावणी आहे आणि आवाजाच्या फाइली हा गोदामातला माल आहे. खतावणी सुरक्षित असून गोदाम रिकामे झाले, तर खतावणीचा काय उपयोग? आणि माल आहे पण खतावणी नाही, तर तुकड्यांचा ढीग हाती राहतो. दोन्ही एकत्र असली तरच धंदा चालतो.

म्हणून पहिला नियम : एका कामाची प्रोजेक्ट फाइल आणि त्या कामाचे सर्व आवाज एकाच फोल्डरमध्ये असले पाहिजेत आणि हलवायचे झाल्यास पूर्ण फोल्डर हलवले पाहिजे. ग्राहकाने पेनड्राइव्हवर आणून दिलेला आवाज किंवा मोबाइलवरून आलेली फाइल सरळ सॉफ्टवेअरमध्ये ओढू नये. अगोदर ती कामाच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी, मग तेथून वापरावी. नाही तर प्रोजेक्ट त्या पेनड्राइव्हचाच पत्ता लिहून ठेवतो. ग्राहक पेनड्राइव्ह घेऊन गेला की दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर "फाइल सापडत नाही" असे सांगते.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी सोय असते, पण ती वापरावी लागते. रीपरमध्ये "सेव्ह ॲज" करताना सर्व आवाज प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करावी. क्यूबेसमध्ये "प्रिपेअर अर्काइव्ह" आणि "बॅकअप प्रोजेक्ट" अशा दोन आज्ञा आहेत. एफएल स्टुडिओमध्ये "झिप्ड लूप पॅकेज" नावाने सर्व सामान एका गाठोड्यात बांधून मिळते. नाव काहीही असो, अर्थ एकच : विखुरलेला माल एका गाठीत बांधणे.

ऑडॅसिटी वापरणाऱ्यांसाठी

गरीब घरातल्या बहुतेक मुलांची सुरुवात ऑडॅसिटीवर होते, कारण ते फुकट आणि कायदेशीर आहे. त्याचा थोडा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे. मार्च 2021 मध्ये ऑडॅसिटीची तिसरी आवृत्ती आली. तोपर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये काम सेव्ह केले की दोन वस्तू तयार होत. एक डॉट एयूपी नावाची छोटी फाइल आणि दुसरे त्याच नावापुढे "डेटा" लिहिलेले एक फोल्डर. आवाज सगळा त्या फोल्डरमध्ये, शेकडो बारीक तुकड्यांत असे. ज्याने फक्त छोटी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, त्याने रिकामे पाकीट घेतले असे समजावे.

आमच्या भागातील एका तरुणाच्या बाबतीत असेच घडले. एका घरातले लोक आपल्या मरहूम वालिदांच्या तिलावतीची जुनी कॅसेट घेऊन आले होते. त्याने ती कॉम्प्युटरमध्ये उतरवली, खरखर थोडी कमी केली आणि ऐकण्यापुरती एमपी3 त्यांच्या मोबाइलवर पाठवली. नीट सफाई पुढे सावकाश करू, असे ठरले. दरम्यान त्याने नवा कॉम्प्युटर घेतला, जुन्यातल्या डॉट एयूपी फाइली तेवढ्या नव्यात आणल्या आणि जुना कॉम्प्युटर पुसून विकून टाकला. इकडे घरच्यांच्या टेपमध्ये फीत अडकून तुटली. आज त्या कुटुंबाकडे ती मोबाइलवरची दबलेल्या आवाजाची फाइल तेवढी उरली आहे. अल्लाहची मेहरबानी की तेवढी तरी उरली. परंतु ज्या चांगल्या प्रतीवरून सफाई करता आली असती, ती कायमची गेली. त्या घरातल्या मुलांनी आजोबांना पाहिलेले नाही. त्यांना आजोबांची ओळख त्या आवाजावरूनच होणार होती.

ज्यांच्याकडे असे जुने प्रोजेक्ट आहेत, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फोल्डर सापडले नाही तर जुनी ऑडॅसिटी एक इशारा दाखवते आणि तीन पर्याय देते : काहीही न बदलता प्रोजेक्ट बंद करणे, हरवलेल्या आवाजाच्या जागी या वेळेपुरती शांतता धरणे, किंवा कायमची शांतता भरून टाकणे. घाईत तिसरा पर्याय कधीही निवडू नये. तो निवडला की पुढे फोल्डर सापडले तरी जोडणी तुटलेली असते. पहिला पर्याय निवडून प्रोजेक्ट बंद करावा, फोल्डर शोधावे, ते फाइलीशेजारी जसेच्या तसे ठेवावे आणि मग उघडावे. फोल्डरचे किंवा आतल्या तुकड्यांचे नाव बदलू नये.

तिसऱ्या आवृत्तीपासून ही अडचण पुष्कळ कमी झाली. आता सर्व काही डॉट एयूपी3 नावाच्या एकाच फाइलीत राहते. जुने प्रोजेक्टही नव्या ऑडॅसिटीत उघडून नव्या प्रकारात सेव्ह करून घ्यावेत, मात्र जुने फोल्डर तपासणी पूर्ण होईपर्यंत पुसू नये. नव्या प्रकारातही एक पथ्य आहे. काम चालू असताना त्या फाइलीच्या शेजारी, त्याच नावापुढे "वाल" अशी अक्षरे असलेली आणखी एक फाइल दिसते. काम नीट बंद केले की ती आपोआप जाते. पण वीज गेली किंवा कॉम्प्युटर अडकला तर ती मागे राहते आणि शेवटच्या कामाचा भाग तिच्यात असू शकतो. ती कचरा समजून पुसू नये. दोन्ही फाइली एकत्र ठेवून प्रोजेक्ट पुन्हा उघडावा. आपल्याकडे विजेचा भरवसा किती, हे सांगण्याची गरज नाही. इन्व्हर्टर किंवा यूपीएस ही या धंद्यात चैनीची वस्तू नव्हे.

तसेच पेनड्राइव्हवर किंवा इंटरनेटशी जुळणाऱ्या फोल्डरवर थेट रेकॉर्डिंग करू नये. रेकॉर्डिंग नेहमी कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर करावे. पेनड्राइव्ह आणि इंटरनेट प्रत ठेवण्यासाठी आहेत, रेकॉर्ड करण्यासाठी नाहीत.

कच्चा माल आणि तयार माल

आवाजाच्या फाइलींचे दोन मुख्य प्रकार व्यवहारात येतात : वेव्ह आणि एमपी3. वेव्हमध्ये आवाज पूर्ण असतो. एमपी3मध्ये कानाला कमी जाणवणारा भाग काढून टाकून फाइल लहान केलेली असते. काढलेला भाग परत येत नाही. एमपी3 उघडून, दुरुस्त करून पुन्हा एमपी3 केली की आणखी थोडा भाग जातो. कच्च्या रंगाच्या कापडासारखे हे आहे, प्रत्येक धुण्याला रंग थोडा उतरतो. एमपी3ला नंतर वेव्ह करून ठेवल्यानेही उतरलेला रंग परत चढत नाही.

म्हणून रेकॉर्डिंग आणि जपणूक वेव्हमध्ये, ग्राहकाला ऐकायला देणे एमपी3मध्ये, असा रिवाज ठेवावा. कॅसेट उतरवतानाही हाच नियम पाळावा. उतरवलेली पहिली फाइल, खरखरीसह, जशीच्या तशी बाजूला ठेवावी आणि सफाईचे सर्व प्रयोग तिच्या नकलेवर करावेत. आज जी सफाई उत्तम वाटते, तिच्यापेक्षा चांगली सफाई करणारे सॉफ्टवेअर उद्या येईल. त्या वेळी मूळ आवाज हाताशी हवा.

जागा किती लागते, याचाही हिशेब पाहू. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला 1,76,400 बाइट घेतो, म्हणजे मिनिटाला साधारण साडेदहा एमबी आणि तासाला सुमारे 635 एमबी. 128च्या दराची एमपी3 मिनिटाला एक एमबीच्या आसपास बसते. आता एका नातीचे गणित करू. पाच मिनिटांची नात आहे, मुख्य आवाज आणि मागचे आवाज मिळून आठ ट्रॅक आहेत, प्रत्येक ट्रॅक 24 बिट आणि 48 हजारच्या दराने मोनोमध्ये रेकॉर्ड केला. एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे 8.6 एमबी, म्हणजे पूर्ण कामाला सुमारे 345 एमबी. प्रत्येक ओळ चार-चार वेळा म्हणून घेतली तर सुमारे 1.4 जीबी. अशा आठ नातींचा संच म्हणजे 11 जीबी. हा आकडा अगोदर माहीत असेल तर डिस्क ऐन वेळी भरत नाही. कॉम्प्युटरची आतली डिस्क काठोकाठ भरलेली असताना रेकॉर्डिंग सुरू करणे म्हणजे भरलेल्या गोदामात ट्रक रिकामा करायला लावणे होय.

आणखी एक अडचण पुष्कळांना बुचकळ्यात टाकते. पेनड्राइव्हवर जागा असूनही मोठी फाइल जात नाही. पेनड्राइव्ह फॅट-32 या जुन्या पद्धतीने तयार केलेला असेल तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ही अडचण जाते. फॉरमॅट केल्यावर आतले सर्व पुसले जाते, म्हणून आतला माल आधी दुसरीकडे काढावा.

ताग्यावर चिठ्ठी हवी

चांगल्या दुकानात प्रत्येक ताग्यावर चिठ्ठी असते. फाइलींचेही तसेच असावे. "नवीन", "नवीन 2", "फायनल", "खरे फायनल" अशी नावे जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर दिसतात. सहा महिन्यांनी ती नावे देणाऱ्यालाही कळत नाहीत.

नाव देण्याची सोपी पद्धत अशी : अगोदर तारीख (वर्ष, महिना, दिवस या क्रमाने), मग बिल क्रमांक, मग कामाचा प्रकार, शेवटी प्रतीचा क्रमांक. वर्ष पुढे ठेवले की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. नावे रोमन अक्षरांत आणि मध्ये रिकामी जागा न सोडता द्यावीत. आपल्यापैकी जे उर्दू माध्यमात शिकले त्यांना उर्दूत नाव द्यावेसे वाटते. परंतु उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे आणि डावीकडून उजवीकडे जाणारे आकडे एकाच नावात आले की क्रम उलटासुलटा दिसतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरला ते नाव वाचताही येत नाही. उर्दूत, मराठीत जे लिहायचे ते आतल्या एका चिठ्ठीच्या फाइलीत मोकळेपणाने लिहावे : कोणी म्हटले, कोठे रेकॉर्ड झाले, कोणी करवून घेतले, मूळ कॅसेट कोणाकडे आहे.

प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये चार कप्पे पुरेत. पहिल्यात मूळ रेकॉर्डिंग, दुसऱ्यात प्रोजेक्ट आणि त्याचे आवाज, तिसऱ्यात तयार माल, चौथ्यात बिल आणि चिठ्ठी. पहिल्या कप्प्यातल्या फाइलींना हात लावायचा नाही. वयस्कर वाचकांना आठवत असेल, कॅसेटच्या पाठीवर दोन छोटी पत्री असत. ती मोडली की त्यावर चुकून दुसरे रेकॉर्डिंग होत नसे. कॉम्प्युटरमध्येही फाइलीच्या गुणधर्मांत जाऊन "रीड ओन्ली" अशी खूण करता येते. तीच ही पत्री समजावी. ती चुकून बदल होण्यापासून वाचवते, डिस्क बिघडण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी पुढचा उपाय आहे.

साफसफाईची घाई

डिस्क भरत आली की सॉफ्टवेअरमधल्या साफसफाईच्या आज्ञेकडे लक्ष जाते. रीपरमध्ये प्रोजेक्टचे फोल्डर साफ करण्याची आज्ञा आहे. क्यूबेसमध्ये न वापरलेला माल काढण्याची आज्ञा आहे, आणि त्यानंतर त्याची कचरापेटी रिकामी केली की फाइली डिस्कवरून जातात. या आज्ञा वाईट नाहीत, पण त्यांचा हिशेब समजून घ्यावा. सॉफ्टवेअर विचारते ते इतकेच : आता उघडलेल्या प्रोजेक्टमध्ये ही फाइल वापरली आहे काय? एकाच फोल्डरमध्ये चार ग्राहकांचे चार प्रोजेक्ट ठेवले असतील, तर पहिला उघडून सफाई करताना बाकी तिघांचा माल त्याला बिनकामाचा वाटतो. एका कामाला एक फोल्डर, हा नियम केवळ नीटनेटकेपणासाठी नाही, तो या धोक्यासाठी आहे.

चुकून काही पुसले गेलेच तर त्या क्षणी काम थांबवावे. त्या डिस्कवर नवे रेकॉर्डिंग करू नये, नवे सॉफ्टवेअर चढवू नये. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल जागेवरच असते, तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळण्याची आशा असते. नव्या एसएसडी डिस्क मात्र पुसलेली जागा स्वतःहून मोकळी करतात, तेथे आशा फारच थोडी. एसएसडी वेगवान आहे म्हणून ती घेतलेल्यांनी दुसऱ्या प्रतीची काळजी दुप्पट घ्यावी.

दुसरी प्रत, दुसऱ्या गावी

वस्तू टिकवायची तर ती एका जागी ठेवू नये, ही समज आपल्याला नवी नाही. कुरआन मजीद हाफिजांच्या सीन्यात होता आणि लिहिलेलाही होता. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या सल्ल्याने हजरत अबूबक्र (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे तो एकत्र लिहून काढण्याचे काम सोपवले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या नकला निरनिराळ्या शहरांत पाठवल्या. हिफाजत करणारा अल्लाहच आहे, पण त्या बुजुर्गांनी उपाय करण्यात कसूर ठेवली नाही. आपल्या छोट्या व्यवहारांना त्यातून धडा मिळतो.

आपल्याच महाराष्ट्रातले अलीकडचे उदाहरण पाहा. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. फ्रान्सचे बर्नार्ड बेल या कामात आले आणि 120 तासांहून अधिक रेकॉर्डिंग झाले. आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात बायांनी गायलेल्या ओव्या 1996 मध्ये रेकॉर्ड झाल्या. 2004 मध्ये पॉइटवँ गेले, 2010 मध्ये राईरकर गेल्या. तरीही आवाज गेले नाहीत. कारण रेकॉर्डिंग गुडगावच्या संगीत-संग्रहालयात जपून ठेवले होते आणि तेथून फ्रान्समधील एक्स-अँ-प्रोव्हान्सच्या संग्रहातही पोचवले होते. 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने त्या ओव्या लोकांसमोर आणल्या. गोळा करणारी माणसे राहिली नाहीत, पण प्रती राहिल्या, म्हणून आवाज राहिले.

उलट उदाहरणेही आहेत. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची रिळे जळून गेली. एकदा मूळ जळाले की सरकारी संस्थाही ते परत आणू शकत नाही. इंटरनेटवर ठेवले म्हणजे चिंता मिटली, असे मानणाऱ्यांनी मायस्पेस या अमेरिकन कंपनीकडे पाहावे. सर्व्हर बदलताना लोकांनी पहिल्या बारा वर्षांत चढवलेली गाणी नष्ट झाली, असे तिने मार्च 2019 मध्ये जाहीर केले. ती पाच कोटींच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांची मेहनत संपली.

यावर 3-2-1 नावाचा एक नियम आहे. तो अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. आपल्या परिस्थितीत त्याचा अर्थ असा. एक प्रत कॉम्प्युटरवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. तिसरी इंटरनेटवर, किंवा नांदेडला राहणाऱ्या भावाच्या, लातूरला राहणाऱ्या बहिणीच्या घरी दुसऱ्या डिस्कवर. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात रातोरात गावांत पाणी शिरले. कॉम्प्युटर आणि कपाट एकाच घरात असतील तर पुराला ती दोन ठिकाणे नाहीत.

तीन सूचना येथे जोडतो. पहिली, इंटरनेटशी आपोआप जुळणारे फोल्डर ही खरी दुसरी प्रत नव्हे. येथे पुसले की तेथूनही पुसले जाते. दुसरी, व्हॉट्सॲप हे गोदाम नाही. ज्या फाइली जपायच्या त्या तेथे सापडतील या भरवशावर राहू नये, आणि ग्राहकाला पाठवायचीच असेल तर ती "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत केल्यावर ती उघडून ऐकावी. शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडावी. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजता उचललेली गाठ. आत किती तागे आहेत ते गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावर कळते. स्वस्तातले, भरमसाट जागा सांगणारे पेनड्राइव्ह तर पूर्ण भरून आणि परत वाचूनच वापरात घ्यावेत. त्यांत छापील आकड्यापेक्षा कमी जागा असलेला माल बाजारात पुष्कळ आहे.

चोरीचे सॉफ्टवेअर

महागडे सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट वापरणे ही गोष्ट आपल्या मुलांमध्ये सर्रास झाली आहे. दुसऱ्याच्या मेहनतीचे मोल न देता तिच्यावर कमाई करणे जाइज कसे होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो तोट्याचा सौदा आहे. अशा कुलूपतोड्या फाइलींबरोबर खंडणी मागणारे व्हायरस येतात. ते डिस्कवरच्या सर्व फाइलींना दुसरे कुलूप लावतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. त्या वेळी जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही सापडते. म्हणून ती काढून ठेवावी असे वर म्हटले. ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर 60 दिवस वापरून पाहता येते आणि छोट्या धंद्यासाठी त्याचा परवाना 60 डॉलरना मिळतो. एका हंगामाच्या कमाईत हा खर्च निघण्यासारखा आहे.

ग्राहकाशी बोली

शिंप्याच्या दुकानात पाटी असते : इतक्या दिवसांत कपडे न नेल्यास जबाबदारी नाही. रेकॉर्डिंगवाल्यांकडे अशी बोली नसते, म्हणून पुढे वाद होतात. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. त्याच शिस्तीने बिलावर चार ओळी लिहाव्यात : मूळ रेकॉर्डिंग किती महिने जपणार, पुन्हा प्रत हवी असल्यास आकार किती, मुदत संपण्याआधी ग्राहकाला कळवणार की नाही, आणि हा आवाज दुसऱ्या कोणाला देणार नाही.

शेवटची ओळ आजच्या काळात फार महत्त्वाची आहे. आता कॉम्प्युटरला माणसाच्या आवाजाचा थोडा नमुना दिला तरी तो त्या आवाजात न बोललेले शब्द बोलवून दाखवतो. एखाद्या मौलाना साहेबांच्या बयानाची किंवा घरातल्या मुलीच्या नातीची स्वच्छ फाइल कोणाच्या हाती गेली, तर तिचा गैरवापर होऊ शकतो. दुकानात येणाऱ्या मित्रांना ग्राहकाच्या फाइली ऐकवणे, नमुना म्हणून वाटणे, जुना कॉम्प्युटर डिस्कसकट विकणे, या सवयी सोडल्या पाहिजेत. आणि ग्राहकाने "आमचा आवाज पुसून टाका" असे सांगितले, तर तो सर्व प्रतींमधून पुसून त्याला तसे कळवावे. अमानत परत करणे यालाच म्हणतात.

हे सर्व करायला आठवड्यातून एक तास पुरतो. जुम्याच्या दिवशी बहुतेकांचे काम दुपारी थांबलेलेच असते. तो दिवस यासाठी ठरवावा : आठवड्याची कामे आपापल्या फोल्डरमध्ये आहेत काय ते पाहावे, बाहेरच्या डिस्कवर प्रत करावी, एखादी फाइल उघडून ऐकावी, डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि वहीत तारीख घालावी. महिन्यातून एकदा दुसऱ्या गावची प्रत ताजी करावी. खर्च एका बाहेरच्या डिस्कचा आहे. गावात ज्याच्याकडे वर्षभरानेही आवाज सापडतो, त्याच्याकडेच दुसरे काम येते.